एका रस्त्याचा जमाखर्च

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील हेशम बंदरातून आमची बोट सुटली, तेव्हा तिच्या तळमजल्यावर पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या मोटारसायकलींच्या रांगा पाहून मला आपल्याकडील यात्रेच्या दिवसांची आठवण झाली. यात्रेकरू मात्र निराळे होते. कोणी जर्मनीहून आलेले, कोणी आयर्लंडचे. वय विशीपासून सत्तरीपर्यंत आणि अंगावर जाड चामड्याचे पोशाख. आयरिश समुद्राच्या मध्यावर वसलेल्या आईल ऑफ मॅन ह्या बेटाकडे ही मंडळी निघाली होती. मे महिन्याची अखेर आणि जूनचा पहिला आठवडा मिळून तेथे ‘टुरिस्ट ट्रॉफी’ नावाची मोटारसायकलींची शर्यत भरते. जगभर ती ‘टीटी’ ह्या दोन अक्षरांनीच ओळखली जाते.

मी स्वतः हौसेने निघालो नव्हतो. माझा पुतण्या मँचेस्टरला नोकरी करतो. शर्यतीचा परवाना काढायचा आणि पुढेमागे ह्या बेटावरील हौशी स्पर्धेत उतरायचे, असे त्याच्या मनाने घेतले होते. मी कामानिमित्त इंग्लंडला जाणार हे कळताच वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही त्याच्याबरोबर एकदा तिकडे जाऊन या, आणि येताना त्याच्या डोक्यातलं खूळ तेवढं काढून या.’’ डब्यात खाकरे आणि मेथीचे ठेपले, आणि डोक्यात ही कामगिरी घेऊन पावणेचार तासांच्या प्रवासानंतर मी डग्लस बंदरात उतरलो.

बेट लहानसे आहे. लांबी सुमारे ५० किलोमीटर, लोकवस्ती ८४ हजारांच्या आसपास. ब्रिटनच्या राजाची येथे सत्ता असली, तरी बेट युनायटेड किंग्डमचा भाग नाही. ‘टिनवाल्ड’ नावाची त्याची स्वतःची लोकसभा आहे आणि ती हजार वर्षांहून जुनी असल्याचा येथील लोकांना अभिमान आहे. शर्यत ह्याच बेटावर का आली, ह्याचे उत्तरही टिनवाल्डपाशीच सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्यास मनाई होती. टिनवाल्डने १९०४ साली स्वतंत्र कायदा करून शर्यतीपुरता रस्ता रहदारीस बंद करण्याची मुभा दिली. प्रथम मोटारी आल्या आणि नंतर मोटारसायकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता खुला असताना आम्ही भाड्याच्या मोटारीतून शर्यतीचा सगळा मार्ग पाहून घेतला. एक फेरी साठ किलोमीटरांहून थोडी अधिक. त्यात दोनशेहून जास्त वळणे, गावे, पूल आणि एक डोंगर. ही शर्यत खास बांधलेल्या मैदानावर होत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु ‘सार्वजनिक रस्ता’ ह्या शब्दांचा अर्थ डोळ्यांनी पाहीपर्यंत कळला नव्हता. पत्रपेट्या, दुकानांच्या पायऱ्या, घरांची कुंपणे, बसथांबे, दगडी भिंती, दिव्यांचे खांब. ज्या रस्त्यावरून सकाळी मुले शाळेत जातात, त्याच रस्त्यावरून संध्याकाळी ताशी २५० किलोमीटरांहून अधिक वेगाने स्पर्धक जातात.

प्रारंभ डग्लसमधील ग्लेनक्रचरी रस्त्यावर होतो. एका बाजूला प्रेक्षकांचा सज्जा आणि रस्त्यापलीकडे शहराची दफनभूमी. कोणी मुद्दाम तशी योजना केली नसावी; पण निघण्याच्या रेषेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक असते. येथे सगळे एकदम सुटत नाहीत. दर १० सेकंदांनी एक स्पर्धक निघतो. अधिकारी त्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि तो एकटाच पुढे जातो. शर्यत खरी घड्याळाशी असते. पीटर हिकमन ह्या स्पर्धकाने २०२३ साली एक फेरी १६ मिनिटे ३६ सेकंदांत पुरी केली. म्हणजे सरासरी ताशी सुमारे २१९ किलोमीटर. आम्हाला मोटारीने त्याच फेरीला दीड तास लागला.

बॅलाक्रेनच्या वळणाशी सेंट जॉन्स हे गाव लागते. १९०७ सालची पहिली शर्यत ह्याच परिसरात, एका लहान मार्गावर झाली. स्पर्धक होते २५. ही ‘टुरिस्ट’ म्हणजे प्रवासी गाड्यांची शर्यत असल्याने इंधन मोजून दिले जाई. एक सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल गेलेच पाहिजे, असा नियम होता. व्यापारी माणसाला हा नियम आवडावा असाच आहे. नुसता वेग दाखवून भागत नव्हते, तो किती खर्चात आला हेही दाखवावे लागे. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेस गाडीवर जिंकला. सरासरी ताशी ६१ किलोमीटर. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर नॉर्टन गाडीवर जिंकला. ती नॉर्टन कंपनी २०२० साली चेन्नईच्या टीव्हीएसने विकत घेतली, हे पुतण्याने मला अभिमानाने सांगितले.

१९११ पासून शर्यत डोंगरावरील मोठ्या मार्गावर गेली. त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज हा तरुण ग्लेन हेलनजवळ मरण पावला. डोंगरी मार्गावरील तो पहिला मृत्यू. तेव्हापासून आजपर्यंत ह्या मार्गावर अडीचशेहून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत. २०२२ सालच्या एकाच टीटीत ६ जण गेले. त्यांत तीनचाकी साइडकारवर एकत्र बसलेले बाप आणि लेक होते. पुतण्याने हे सांगितले तेव्हा आम्ही ग्लेन हेलनच्या झाडीतून चाललो होतो. रस्त्यावर ऊन-सावली पडली होती. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघे काही बोललो नाही.

ही माहिती त्याने शोधून काढलेली नव्हती. बेट ती लपवीतच नाही, हे मला त्या दोन दिवसांत जाणवत राहिले. मार्गावरील वळणांना जिंकलेल्यांची नावे आहेत आणि गेलेल्यांचीही. कोठे स्मृतिशिला, कोठे बाक, कोठे भिंतीवरील पाटी. आपल्या पेढीवर रोजकीर्द लिहिताना जमेची बाजू आणि नावेची बाजू समोरासमोर मांडण्याची रीत होती. एक रकाना कोरा ठेवून वही पुरी होत नसे. ह्या रस्त्यावर मला तीच रीत दिसली. विजय आणि मृत्यू दोन्ही त्याच साठ किलोमीटरांवर लिहून ठेवलेले आहेत. हिशेब बरोबर आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. पण तो उघडा आहे.

संध्याकाळी सरावासाठी रस्ता बंद झाला. आम्ही बॅलाघ गावातील पुलाजवळ भिंतीआड जागा धरली. जवळच चर्चच्या आवारात गावातील स्त्रिया चहा आणि केक विकत होत्या. केकमध्ये अंडे असणार म्हणून आम्ही आमचे खाकरे काढले. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची चिंता मात्र मिटली होती. जूनमध्ये तेथे सूर्य पावणेदहाला मावळतो.

बॅलाघचा पूल कमानीचा आहे. त्यावरून जाताना गाडीची दोन्ही चाके जमिनीवरून सुटतात आणि ती क्षणभर हवेत असते. प्रथम दुरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज आला, मग एक गाडी पुलावर आली, उडाली, टेकली आणि गेली. मी श्वास रोखून धरला होता हे मला नंतर कळले. दहाव्या-बाराव्या गाडीनंतर मी गाडीऐवजी स्वाराचे डोके पाहू लागलो. ते जवळच्या जमिनीकडे कधीच वळत नव्हते. नजर पुढच्या वळणावर. दोनशे वळणे त्यांनी तोंडपाठ केलेली असतात आणि एखादे विसरले तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. आपल्याकडे साधुसाध्वी ईर्यासमिती पाळतात, चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. ती जीवरक्षेसाठी, ही शर्यत जिंकण्यासाठी. दोन्हींचे हेतू एका तागडीत घालता येणार नाहीत. तरीही प्रमाद म्हणजे काय आणि त्याची किंमत किती, हे त्या पुलापाशी जितके स्पष्ट कळले, तितके मला एखाद्या व्याख्यानातही कळले नव्हते.

दुसरी एक गोष्टही तेथेच दिसली. मोठ्या शर्यतीत दर दोन फेऱ्यांनी पेट्रोल भरण्यास थांबावे लागते. तेव्हा स्वाराच्या हेल्मेटची काच बदलतात, कारण तिच्यावर धडकलेल्या कीटकांचा थर साचलेला असतो. हे पुतण्याने अगदी सहज सांगितले. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याच्या लक्षात आले. तो म्हणाला, ‘‘काका, मुंबई–पुणे रस्त्यावर आपल्या मोटारीच्या काचेवरही असतातच की.’’ ते खरेच होते. रात्री प्रतिक्रमणाला बसलो तेव्हा मी त्या काचेची आठवण केली, आणि आमच्या मोटारीच्या काचेचीही.

सकाळी आम्ही सज्जामागील मोकळ्या मैदानात गेलो. तेथे स्पर्धकांचे तंबू असतात आणि कोणालाही त्यांतून फिरता येते. एकीकडे मोठ्या कंपन्यांचे रंगीत ट्रक, दुसरीकडे एका व्हॅनशेजारी ताडपत्रीखाली गाडी उघडून बसलेले बाप-लेक किंवा दोघे मित्र. येथील पुष्कळ स्पर्धक पोटापाण्यासाठी दुसराच उद्योग करीत आले आहेत. २३ शर्यती जिंकलेला जॉन मॅकगिनेस गवंडीकाम करीत असे. गाय मार्टिन ट्रक दुरुस्त करतो. शिवाय ऑगस्टच्या अखेरीस, पुष्कळदा आपल्या पर्युषणाच्या सुमारासच, ह्याच मार्गावर ‘मँक्स ग्रां प्री’ भरते. १९२३ साली ती खास हौशी स्वारांसाठी सुरू झाली. पुतण्याचे स्वप्न तेच.

एका ताडपत्रीखाली वृद्ध कारागीर गाडीच्या बोल्टांना बारीक छिद्रे पाडून त्यांतून तार ओवीत होता. हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊन पडू नये म्हणून प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट असा तारेने बांधतात. एक बोल्ट रस्त्यावर पडला, तर मागून येणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. दुकानातून आणलेली गाडी ह्या रस्त्यावर तशीच चालत नाही. खाचखळग्यांसाठी तिचे झटकेरोधक बदलावे लागतात, हँडल थरथरू नये म्हणून दांडी बसवावी लागते, आसन आणि पायठेवणी स्वाराच्या मापाची करावी लागते. १९५० साली नॉर्टनसाठी बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने असाच एक नवा सांगाडा तयार केला. त्यावर बसणे म्हणजे पिसांच्या गादीवर बसणे, असे एका स्वाराने म्हटल्यावरून त्याचे नाव ‘फेदरबेड’ पडले आणि त्या वर्षीच्या दोन्ही मोठ्या शर्यती नॉर्टनने जिंकल्या. सोइचिरो होंडा १९५४ साली ह्या बेटावर येऊन गाड्या पाहून गेले. १९५९ साली त्यांच्या गाड्या प्रथम उतरल्या, तेव्हा उत्तम क्रमांक आला तो सहावा. दोनच वर्षांनी, १९६१ साली, होंडाने दोन गट जिंकले. १९८४ नंतर ‘हिरो होंडा’च्या रूपाने जे नाव आपल्या बाजारपेठेतील दुकानादुकानासमोर उभे राहिले, त्याची परीक्षा ह्या रस्त्यावर झाली होती.

दुपारी पुन्हा डोंगरावर गेलो. रॅम्से गाव सोडल्यावर रस्ता चढू लागतो, झाडे संपतात आणि दोन्ही बाजूंना गवत, मेंढ्या आणि वारा. बंगलो नावाच्या ठिकाणी जॉय डनलॉप ह्याचा पुतळा आहे. मोटारसायकलवर बसून तो रस्त्याकडे पाहत आहे. उत्तर आयर्लंडमधील बॅलीमनी गावचा हा माणूस तेथे मद्यगृह चालवी. १९७७ ते २००० ह्या काळात त्याने टीटीत २६ विजय मिळविले. शेवटचे तीन अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, एकाच सप्ताहात. परंतु मला थांबविले ते दुसऱ्या गोष्टीने. शर्यती नसतील तेव्हा हा माणूस स्वतःच्या व्हॅनमध्ये अन्न आणि कपडे भरून एकटा रुमानिया, बोस्निया, अल्बानिया येथील अनाथालयांपर्यंत जाई. १९९६ साली त्याला जो राजसन्मान मिळाला, तो ह्या सेवेसाठी. आहारदानाची महती आपण लहानपणापासून ऐकतो. कोणी न पाहता हजारो किलोमीटर गाडी हाकून ते करणारा माणूस मला त्या डोंगरावर भेटला.

त्याच्या वहीचीही दुसरी बाजू आहे. २ जुलै २००० रोजी, त्या तीन विजयांनंतर महिनाभरातच, एस्टोनियात पावसाने ओल्या रस्त्यावरील शर्यतीत त्याची गाडी झाडांवर गेली आणि तो मरण पावला. धाकटा भाऊ रॉबर्ट २००८ साली उत्तर आयर्लंडमध्ये एका शर्यतीच्या सरावात गेला. रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ साली आयर्लंडमधील स्पर्धेत गेला. रॉबर्टचाच दुसरा मुलगा मायकेल आजही धावतो, आणि २०२४ साली त्याने आपल्या काकाचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला. पेढी बापाकडून लेकाकडे जाते हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. वारशात धोकाही येत असेल, तर तो स्वीकारणाऱ्याला दोष द्यावा की त्याच्या आईसाठी रडावे, हे मला त्या पुतळ्यापाशी ठरविता आले नाही.

ह्याच डोंगरावर आणखी एक उत्तर दिले गेले आहे. १९७२ साली पावसात इटलीचा गिल्बर्टो पार्लोटी येथे मरण पावला. त्याचा मित्र जाकोमो अगोस्तिनी तेव्हा जगातील सर्वश्रेष्ठ स्वार होता. त्याने ह्या रस्त्यावर पुन्हा न उतरण्याचा निर्णय घेतला आणि तो पाळला. इतरही मोठे स्वार दूर राहिले आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदातील दर्जा गेला. तरीही येथील एका उंचवट्याला ‘अगोज लीप’ हे त्याचेच नाव आहे. नाही म्हणणाऱ्याचे नावही बेटाने पुसले नाही. गुरांमध्ये लाळ-खुरकुताची साथ पसरली म्हणून २००१ साली शर्यत भरली नव्हती, हे मला नंतर कळले. इतक्या माणसांच्या मरणाने न थांबलेली शर्यत जनावरांच्या रोगाने थांबली, ह्याचा अर्थ मी अजून लावीत आहे.

परतीच्या बोटीवर मी पुतण्याला म्हणालो, ‘‘तू हे सोडून दे, असं मी सांगितलं तर ऐकशील का?’’ तो म्हणाला, ‘‘काका, इथे निदान रस्ता बंद करतात. मागच्या दिवाळीत घरी आलो होतो, तेव्हा रविवारी पहाटे माझे मित्र घाटात गाड्या पळवत होते. समोरून एसटी येत होती.’’ मला ते ठाऊक नव्हते. तो पुढे सांगत गेला. बेटावर प्रत्येक सत्रासाठी पाचशेहून अधिक स्वयंसेवक मार्शल लागतात. ते नसतील तर शर्यत सुटत नाही. १९६३ पासून जखमींसाठी हेलिकॉप्टर असते. आणि घाटात? तेथे रस्ता कोणी बंद करीत नाही, झेंडा कोणी दाखवीत नाही, आणि पडलेल्या मुलाचे नाव वर्तमानपत्राच्या एका ओळीपलीकडे कोठे लिहिले जात नाही. आपल्याच घरांतील मुलांना आपण परीक्षेच्या बक्षिसापोटी वेगवान गाड्या घेऊन देतो आणि मग ती कोठे नेतात हे विचारीत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे किंवा कोइंबतूरला बंदिस्त मार्ग आहेत, तेथे शिक्षक आहेत, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे?

अखेर आमचे असे ठरले, की उघड्या रस्त्यावर त्याने कधीही, कोणाशीही वेगाची बरोबरी करायची नाही. पुढची दोन वर्षे स्पर्धेचे नाव न काढता त्याने मार्शल म्हणून जायचे, प्राथमिक प्रशिक्षण घ्यायचे आणि पडलेल्याला उचलायचे. मग जे ठरवायचे ते आईसमोर बसून ठरवायचे. कामगिरी अर्धीच झाली, हे मला मान्य आहे.

घरी आल्यावर मी वहिनींना सारे सांगितले, दोन्ही रकाने. जॉय डनलॉपची व्हॅन सांगितली, तारेने बांधलेले बोल्ट सांगितले, डनलॉप घराण्यातील तीन मृत्यू सांगितले, साइडकारवरील बाप-लेक सांगितले. त्या निमूट ऐकत होत्या; हातातील तांदूळ निवडायचे थांबले होते. सगळे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘त्या बाप-लेकांच्या घरी मागे कोण असेल हो?’’

मला सांगता आले नाही.